दार लावणाऱ्याचं नाव

जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस सुरू होऊन दोनच दिवस झाले होते आणि संध्याकाळपासून वीज गेलेली. पडवीत बाबा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, मी पायरीवर, आणि मध्ये स्टुलावर मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर पाण्याची भरलेली बाटली ठेवलेली, म्हणजे उजेड जरा पसरतो. आत आई सुके बांगडे भाजत होती. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं पावसाळ्यानंतर करायचं ठरलं आहे, त्यामुळे सध्या मी वाचते आणि ते ऐकतात. पुस्तक होतं एका इंग्रजी लेखकाचं, आजच्या काळातल्या एका फ्रिगेट युद्धनौकेची आणि तिच्या कॅप्टनची गोष्ट. मी मनातल्या मनात मराठी करत मोठ्याने वाचत होते. जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आहे, इंजिन रूमला आग लागली आहे, आग पुढे सरकली तर दारूगोळ्यापर्यंत जाईल. कॅप्टन ऑपरेशन्स रूमच्या अंधारात उभा आहे. त्याला सांगण्यात येतं की आत अजून तीन माणसं आहेत. तो घड्याळाकडे बघतो, मग हुकूम देतो. दार बंद करण्यात आलं, आत कार्बन डायऑक्साइड सोडण्यात आला. मी इतकं वाचून श्वास घ्यायला थांबले.

बाबा म्हणाले, "दार लावल्यान कोणी?"

मी म्हटलं, कॅप्टनने. ते मान हलवत म्हणाले, "कॅप्टन वर आसा. दार खाली. लावल्यान कोणी?" मी पान उलटून मागे गेले, मग पुढे गेले. दार लावणारा तिथे कुठे नव्हता. पुढच्या पानावर कॅप्टनच्या हाताचा कंप होता, त्याच्या बायकोची आठवण होती, त्याने न प्यायलेला चहा होता. दोन पानं त्याच्या मनाला दिलेली होती आणि ती फार सुंदर लिहिलेली होती. पण ज्याने लोखंडी दाराचे खटके एकेक करून आवळले, ज्याला पलीकडून दारावर मारलेल्या थापा ऐकू आल्या असतील किंवा नसतील, तो त्या वाक्यातच नव्हता. "बंद करण्यात आलं" हे मराठी माझं होतं, पण मूळ इंग्रजीतही क्रियापदाला कर्ता नव्हता. मी तसं बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आईने हाक मारली, ते उठून हात धुवायला गेले. जेवताना विषय निघाला नाही. पण तो प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच.

मी या तऱ्हेच्या कादंबऱ्या कॉलेजात असल्यापासून वाचते आहे. मुंबईत नोकरीला होते तेव्हा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जुन्या प्रती गोळा केल्या, अजून त्या पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांत माळ्यावर आहेत आणि दर पावसाळ्यात मी त्यांना बुरशी लागली का बघते. लोक विचारतात की तुला यात काय आवडतं. लढाई नाही. यातल्या चांगल्या पुस्तकांत लढाई फार थोडी असते, आणि शत्रू तर कित्येकदा शेवटपर्यंत दिसतही नाही. मला आवडते ती रात्र. रात्री झोपायला जाण्याआधी कॅप्टन एका वहीत हुकूम लिहून ठेवतो: कुठला मार्ग, किती वेग, कुठला दिवा कधी दिसायला हवा, आणि कशासाठी मला उठवायचं. त्या वहीत एक सूचना बहुतेक असतेच, की शंका आली तर उठवा. मग वॉचवरचा पंचविशीतला अधिकारी मध्यरात्री ते चार अंधारात उभा असतो, समोर एक दिवा दिसतो आणि त्याला ठरवायचं असतं की ही शंका आहे की नाही. उठवलं आणि काहीच नसलं तर लाज. नाही उठवलं आणि असलं तर जहाज. माझ्या मते या सगळ्या साहित्याचा जीव या एका क्षणात आहे, तोफांत नाही.

आणि दुसरं म्हणजे कॅप्टनचं एकटेपण. जुन्या रिवाजाप्रमाणे तो जेवतो एकटा. अधिकाऱ्यांच्या वॉर्डरूममध्ये तो आमंत्रण असलं तर जातो, ती त्याची जागा नव्हे. दोन-अडीचशे माणसांच्या पत्र्याच्या डब्यात, जिथे खालच्या डेकवर एकावर एक बंकं असतात, तिथे एकाच माणसाला स्वतंत्र दार, आणि त्या दाराआड तो आणि त्याच्या चुका. पाणबुडी शोधायची तर सोनारला, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राला, ऐकू यायला हवं, आणि जहाज जोरात धावलं तर स्वतःच्याच आवाजाने सोनार बहिरं होतं. हळू जावं तर ऐकू येतं, पण मग आपणच सोपं लक्ष्य होतो. याला बरोबर उत्तर नाही. कॅप्टनने वेगाचा एक आकडा सांगायचा असतो, अमुक इतके नॉट, आणि तो आकडा बरोबर होता का हे नंतर समुद्र सांगतो. हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. वीस वर्षं झाली, अजून येतो.

पण मी ही पुस्तकं जिथे बसून वाचते ते घर वाघोटनच्या खाडीवर आहे. गच्चीवरून विजयदुर्गाचे बुरूज दिसतात. ज्या पाण्यात १७५६ च्या फेब्रुवारीत आंग्र्यांचं आरमार जळालं ते पाणी हेच. एका जहाजाने पेट घेतला आणि एकमेकांना लागून नांगरलेली बाकीची त्याच्याबरोबर गेली. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. तरीही आमचं समुद्रावरचं लिखाण बघावं तर ते बहुतेक किल्ल्याच्या तटावर उभं राहून लिहिलेलं. सरखेल, बुरूज, तोफ, तह. वारा पडला की गुराबेला, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाला, छोटी गलबतं दोर लावून ओढत न्यायची, प्रत्येक गलबताला चाळीस-पन्नास वल्ही, हे सगळ्या इतिहासांत एका ओळीत येतं आणि ओळ संपते. त्या वल्हेकऱ्यांच्या हाताला काय झालं असेल, उन्हात तोफांच्या तोंडाशी एक लाकडी घर ओढत नेताना त्यांना मागे वळून बघता येत असेल का, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आजच्या काळातली, आपल्या नौदलाच्या जहाजावरची, मराठी बोलणाऱ्या माणसांची कादंबरी मी कितीतरी दिवस शोधते आहे. या किनाऱ्यावरच्या गावागावांतून माणसं नौदलात गेली, मर्चंट नेव्हीत गेली, आणि पेन्शन घेऊन परत आली. गोष्टी त्यांच्यासोबत परत आल्या असणारच. पण त्या ओटीवरच राहिल्या.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, आरमाराचं प्रकरण आहे. "ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र" हे त्यातलं वाक्य आपण भाषणांत ऐकत आलो आहोत. मला त्याच प्रकरणातला दुसरा भाग जास्त जवळचा वाटतो. वारा फिरला, गनीम भारी पडला तर किल्ल्याच्या आश्रयाला या, तरांडी, म्हणजे जहाजं, दग्यात घालू नका, आपली माणसं राखून मग शत्रू घ्या, अशा अर्थाचं अमात्य सांगतात. पराक्रमाच्या दिवसांत, राज्य जगेल की नाही अशा काळातून आलेल्या माणसाने हे लिहून ठेवलं आहे. जहाजाचा अधिकार म्हणजे काय, हे सांगताना त्याला आधी माणसं मोजावीशी वाटली.

बाबा नौदलात स्टोकर, म्हणजे बॉयलर-इंजिन सांभाळणारे, होते. गावात कुणी विचारलं तर ते "नेवीत होतंय" एवढंच सांगतात. लोणावळ्याला शिवाजी नावाच्या तळावर त्यांचं इंजिनाचं शिक्षण झालं, समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर. समुद्रात पोहत वाढलेल्या पोराला जहाजाचं काम शिकायला डोंगर चढावा लागला हे सांगताना ते अजून हसतात. मग वाफेवर चालणाऱ्या जहाजांवर पंधरा वर्षं, सगळी पाण्याच्या पातळीखाली. बॉयलर रूममध्ये पारा पन्नाशीच्या वर असायचा. मिठाचं पाणी, लिंबू, परत मिठाचं पाणी. हाताला कापूस गुंडाळल्याशिवाय शिडीचा कठडा धरता यायचा नाही. वरून हुकूम यायचा तो आकड्यात, इंजिनाचे इतके फेरे. का, ते कुणी सांगत नसे. शत्रू दिसला का, की बंदर आलं, की नुसता सराव, काही कळत नसे. बाबा म्हणतात की ते पायाच्या तळव्याने ओळखायचे. जहाज जोरात वळलं की अंग एका बाजूला जायचं आणि प्लेटी वेगळ्या थरथरायच्या. त्यावरून खालची माणसं वरची लढाई ओळखायची, आंधळा माणूस घर ओळखतो तशी.

या सगळ्याचं काहीही मला लहानपणी माहीत नव्हतं. मला माहीत होत्या त्यांच्या सवयी. रात्री झोपण्याआधी ते अख्ख्या घरातून एक फेरी मारतात. गॅसचा रेग्युलेटर, पंपाचं बटण, गोठ्याचा दिवा, सगळ्याला हात लावून बघतात, नुसतं नजरेने नाही. आणि झोपायच्या खोलीला ते आतून कधी कडी लावत नाहीत. आई सुरुवातीला यावरून भांडायची. एकत्र कुटुंब, घरात दीर, नणंदा, आणि हा माणूस दार उघडं टाकून झोपतो. त्यांनी एकदाही कारण सांगितलं नाही, आणि एकदाही कडी लावली नाही. मला ही आठवण त्या जूनच्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आली, आणि मग झोप आली नाही.

४ डिसेंबर २०२३ ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला तेव्हा मी त्यांना घेऊन मालवणला गेले होते. गर्दी विचारायला नको. सगळे माना वर करून विमानं बघत होते, जहाजांचे फोटो काढत होते. माझ्या अंगावर काटा आला होता हे मी लपवणार नाही, सिंधुदुर्गासमोर ती राखाडी जहाजं एका ओळीत बघणं हे माझ्यासाठी वीस वर्षांच्या वाचनातून बाहेर आलेलं चित्र होतं. मी तोफा बघत होते, ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या खोलीच्या, काचा बघत होते, त्या काचेआड कोण उभं असेल ते बघत होते. बाबा बघत होते चिमणी. बराच वेळ बघून म्हणाले, "धूर नाय." मी म्हटलं, आता गॅस टर्बाइन असतात ना बाबा, बॉयलर गेले. ते हो म्हणाले, पण बघत राहिले. वाफेच्या जहाजात धुराचा रंग हा खालच्या माणसाच्या कामाचा हिशेब असतो. हवा कमी पडली तर धूर काळा, जास्त झाली तर पांढरा, आणि काम बरोबर चाललं असेल तर वर फक्त हवा थरथरताना दिसते. काळा धूर म्हणजे शत्रूला मैलोन्‌मैल लांबून दाखवलेला हात. म्हणजे खालच्या स्टोकरचं उत्तम काम म्हणजे वर काहीही न दिसणं. त्या दिवशी मी हे ऐकून सोडून दिलं होतं.

आमच्या शेजारच्या घरात एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा कप्तान, राहतो. मी त्याला भाऊ म्हणते, वयाने माझ्याएवढाच. जून-जुलैची मासेमारी बंदी सुरू झालेली, त्यामुळे त्याची बोट बंदरात ताडपत्री आणि झापं घालून शाकारून ठेवलेली, आणि तो घरी जाळी दुरुस्त करत बसलेला. बाबांच्या प्रश्नानंतर दोन दिवसांनी मी त्याच्या खळ्यात जाऊन बसले. त्याच्या मांडीवर जाळं, उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, दोऱ्याची सुई आत-बाहेर, आणि बोलताना तो एकदाही हाताकडे बघत नव्हता. मी त्याला विचारलं की रात्री दुसऱ्या बोटीशी टक्कर होणार हे कसं कळतं. त्याने सुई दातात धरली, दोन्ही हातांनी हवेत केबिनच्या खिडकीची चौकट केली आणि म्हणाला, की दिवा चौकटीला चिकटला तर. मी म्हटलं, म्हणजे? म्हणजे असं, की समोरच्या बोटीचा दिवा खिडकीच्या एका कडेला दिसतोय. आपण पण चाललोय, ती पण चालली आहे. दिवा सरकत सरकत पुढे गेला तर ती आपल्या पुढून जाणार. मागे सरकला तर मागून. पण दिवा कडेला तसाच चिकटून राहिला आणि नुसता मोठा मोठा होत गेला, तर मात्र समजायचं.

मी हे जवळजवळ याच शब्दांत दहा कादंबऱ्यांत वाचलं आहे. तिथे ब्रिजवरचा अधिकारी कंपासवरून दिशा घेतो, तीन मिनिटांनी परत घेतो, आणि आकडा बदललेला नसतो. तो आकडा न बदलणं हे वाचकाला घाम फोडणारं असतं. भाऊने कादंबरी वाचलेली नाही आणि कंपासवर त्याची फारशी भिस्त नाही. पण दिवा चिकटून राहिल्याची भीती तीच.

मग मी त्याला विचारलं, सगळ्यात कठीण वेळ कुठली. त्याने २०१७ च्या डिसेंबरचं सांगितलं, ओखी वादळाचं. त्या वादळात केरळ-तमिळनाडूच्या ६८ होड्या वाहत, भरकटत देवगडच्या बंदरात आल्या होत्या, ९५२ माणसं घेऊन, हे आम्हाला सगळ्यांना आठवतं. बंदरभर मल्याळम ऐकू येत होतं. भाऊ तेव्हा बाहेर होता. जाळं पाण्यात होतं, भरलेलं, ओढायला निदान तास-दीड तास लागला असता. आणि आभाळाचा रंग त्याला आवडला नाही. त्याने जाळं कापलं. मालक वेगळा, जाळ्याची किंमत लाखांत, घरी आल्यावर काय ऐकून घ्यावं लागणार हे माहीत असताना कापलं. मी विचारलं, कोणी कापलं, तू? तो म्हणाला, नाही, मी सुकाणूवर होतो, मी फक्त ओरडलो. आणि मग त्याने नाव घेतलं. सुरी कुणाच्या हातात होती, कुणी दोर ताणून धरला, कोण कडेला जाऊन ओकत होता, कोण रडत होता आणि त्याचं घर नेपाळात कुठल्या गावात. त्याच्या बोटीवर खलाशी निम्मे नेपाळी आहेत, आता आमच्या बहुतेक बोटींवर असतात, ज्यांनी पंचविशीपर्यंत समुद्र पाहिलेलाही नसतो. सगळ्यांची नावं त्याने घेतली, सगळ्यांची गावं घेतली. बोट परत आली की नाही हे सांगायला तो विसरला. समोर बसलेला होता म्हणजे आली.

मी घरी आले ती जरा रागातच आले. त्या कादंबरीवरच्या रागात. आणि बाबांना म्हटलं की तुमचं बरोबर आहे, त्या लेखकाने अन्यायच केलाय, त्याला फक्त कॅप्टन दिसतो. मला वाटलं बाबांना बरं वाटेल. ते म्हणाले, "हुकूम बरोबर होतो." मी गप्प झाले. ते म्हणाले की एक मिनिट उशीर झाला असता तर अख्खी बोट गेली असती. दार लावायचंच असतं. ते स्वतः लावायला तयार असायचे आणि स्वतःवर लावून घ्यायलाही. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी माहीत असतं. सराव व्हायचे, रात्री-अपरात्री घंटा व्हायची आणि दारं धडाधड लागायची, ठरलेल्या वेळेत, आणि तुम्ही ज्या बाजूला असाल त्या बाजूला.

हे ऐकल्यावर मी पुन्हा माझ्या कॅप्टनकडे गेले. त्याला खरंच नावं आठवून चालली असती का? तीन नावं, तीन चेहरे, कुणाची लहान मुलगी. तेवढ्या वेळात आग पुढे गेली असती. कदाचित कॅप्टनला नाव न आठवणं हीच त्याच्या कामाची अट आहे आणि म्हणून त्याला वेगळं दार, वेगळं ताट. भाऊच्या बोटीवर दहा-बारा माणसं, तो सगळ्यांबरोबर एकाच टोपातला भात खातो. अडीचशे माणसांच्या जहाजावर ते होत नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौदलातली खालच्या डेकवरची पोरं उठली ती निकृष्ट जेवणावरून आणि वरून येणाऱ्या शिव्यांवरून. वरच्यांना खालचं नाव न आठवणं आणि खालचा माणूसच न दिसणं, यांत किती थोडं अंतर आहे ते त्या दिवसांत कळलं होतं. पण ते अंतर आहे. मला ते मान्य करावं लागतंय, आणि अजूनही पूर्ण मान्य होत नाही. कादंबरीकार मात्र आगीत नसतो. त्याच्याकडे वेळ असतो. कॅप्टनला एक मिनिट नव्हतं, लेखकाला दोन पानं होती.

बाबांनी त्या दिवशी, का कोण जाणे, १९७१ च्या युद्धाचं सांगितलं. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकत होते. खुकरी या युद्धनौकेचं सगळ्यांना ठाऊक आहे. ९ डिसेंबरची रात्र, दीवच्या समुद्रात पाणबुडीचे टॉर्पेडो, काही मिनिटांत बुडालेलं जहाज, आणि जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. त्यांचं नाव मी लहानपणापासून आदराने घेते, आजही घेते. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. हा आकडा मी कितीदा वाचलाय. बाबा तेव्हा दुसऱ्या एका जहाजावर होते, अरबी समुद्रातच. त्यांना बातमी लगेच कळली नाही. बंदरात आल्यावर कळली. लोणावळ्याला त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा एकजण खुकरीच्या इंजिन रूममध्ये होता. तोही आपल्याच किनाऱ्यावरचा, खाडीपलीकडचा. बाकी सगळे त्याला आणि बाबांना "मराठा" म्हणायचे, कुणाला नाव धड घेता येत नव्हतं, गाव तर कुणाला ऐकूनही माहीत नव्हतं. ते दोघं मात्र एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायचे. मी विचारलं, त्याच्या घरी तुम्ही कधी गेलात का. ते म्हणाले, एकदा गेलो. त्याची म्हातारी आई होती. तिने विचारलं, की तो वर होता का खाली. मी सांगितलं, वर होता.

पाऊस थांबला होता. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

आठवड्याने डोळ्यांचे थेंब घालून झाल्यावर बाबा म्हणाले, पुस्तक आण. आम्ही तोवर बरंच पुढे गेलो होतो, जहाज धक्क्याला लागलं होतं, चौकशी सुरू झाली होती. मी खूण ठेवलेलं पान उघडलं. ते म्हणाले, "ता नको. माघारचा वाच. दाराचा." मी मागे गेले. आगीपासून सुरुवात केली. वीज होती त्या दिवशी, ट्यूबलाइटभोवती पावसाळी किडे फिरत होते आणि एक सारखा पानावर पडत होता. घड्याळ आलं. हुकूम आला. मी त्या वाक्यापर्यंत आले आणि थांबले, कारण बाबांनी हात वर केला होता.

त्यांनी एक नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांचं आणि आडनावासकट. मी ते इथे लिहिणार नाही. त्याचा कुणी भाचा-पुतण्या खाडीपलीकडे अजून राहत असेल, आणि त्यांच्या घरात तो अजून वर आहे. मी पेन्सिल शोधली, टीव्हीखालच्या खणात होती, टोक मोडलेलं. विळीवर तासून आणली. इंग्रजी पानाच्या समासात, छापलेल्या ओळीच्या शेजारी, देवनागरीत ते नाव लिहिलं. कागद दमट झाला होता, पेन्सिल नीट उमटत नव्हती, दोनदा गिरवलं.

बाबांना चष्मा लावूनही ते दिसत नव्हतं. त्यांनी समासावर बोट ठेवलं आणि विचारलं, "लिवलंस?"

मी म्हटलं, हो.

"गाव पण लिव."